खिडकीचा निकाल

लॉ कॉलेजच्या पहिल्याच तासाला आत्याला नाव पडलं, आणि तेही तिच्याच तोंडून.

मॅडम एक निकाल समजावून सांगत होत्या. एका बाईंचा गरम कोट लाँड्रीवाल्यानं हरवला. पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं, ‘कपडे हरवल्यास आम्ही जबाबदार नाही’. बाई कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. वर्ग माना खाली घालून लिहीत होता. मॅडमनी पुस्तक मिटलं, आणि तिसऱ्या बाकावरून एक हात वर आला.

“पुढे काय झालं?”

“पुढे म्हणजे?”

“म्हणजे त्या बाईंना दुसरा कोट मिळाला का? की थंडी तशीच काढली?”

वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत. चष्म्यावरून त्यांनी विचारणारीकडे पाहिलं. वय त्रेचाळीस, कॉटनची साधी साडी, बोटांवर काचेचे जुने ओरखडे. “निकाल लागला, बाई,” त्या म्हणाल्या. “पुस्तक तिथं संपतं.”

मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, “पुढेकाय.” झालं. मधल्या सुट्टीपर्यंत ते नाव जिन्याच्या तोंडापर्यंत पोचलं होतं. दोन बाक सोडून आत्याची सख्खी भाची बसली होती. तिनं जागा बदलली नाही हे खरं, पण पाणी पिण्याच्या निमित्तानं जी मान फिरवली ती घंटा होईपर्यंत सरळ केली नाही.

आत्या त्या वर्गात आलीच मुळी भाचीच्या फॉर्मच्या पाठोपाठ. दादाचं, म्हणजे तिच्या भावाचं, फोटोफ्रेमचं दुकान. आत्या वीस वर्षं तिथं काच कापत आली होती. भाची दुकानाच्या काउंटरवर फॉर्म भरत बसली होती, आणि आत्यानं काचेवर कटर टेकवता टेकवता विषयांची नावं वाचली. करार. मालमत्ता. पुरावा. पुरावा कसा शिकवत असतील, याचं तिला फार कुतूहल वाटलं.

“यात वयाची अट कुठं लिहिलीय गं?”

“नाहीये,” भाची हसत म्हणाली. “भरतेस का तूही?”

ती थट्टाच होती. पण आत्याची पदवी घरातल्या भिंतीवर होती, तिनंच फ्रेम केलेली. फॉर्मला जोडायला ती उतरवावी लागली इतकंच.

दादा म्हणाला, “शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि तू फी भरून चढतेयस.” मग थोडा वेळ पट्टीला खिळे ठोकत राहिला. “जा. बघ जमतंय का. नाही जमलं तर परत ये, इथं कुणी काही विचारणार नाही. तुझ्यासारखी सरळ काच या दुकानात दुसऱ्या कुणाला कापता येत नाही.”

यातलं शेवटचं वाक्य प्रेमाचं होतं की गळाचं, ते दादालाही सांगता आलं नसतं. आत्यानं मनाशी ठरवलं: पहिलं सादरीकरण होऊ दे. वर्गासमोर उभं राहून, न अडखळता, कायद्यातलं चार माणसांना पटेल असं बोलता आलं तर राहायचं. नाही तर सेमिस्टर संपायचीही वाट न बघता दुकान गाठायचं. हे तिनं दादाला सांगितलं, भाचीला सांगितलं, आणि सकाळी हात जोडले तेव्हा देवालाही सांगून टाकलं, म्हणजे मागाहून शब्द फिरवायला जागा नको.

सकाळच्या त्या हात जोडण्यात तिचा एक नेम होता. आईनं लावलेला. जो समोर नाही त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. चुकून बोललं गेलंच, तर त्या माणसाला गाठून ते त्याच्या तोंडावर सांगायचं. एवढासा नेम, पण पाळायला महाकठीण. एकदा दुकानात एका गिऱ्हाइकाच्या पाठीमागे ती त्याला कंजूष म्हणून गेली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन तसं सांगून आली. ते गिऱ्हाईक गेलं. असंच दुसरं एक मात्र कायमचं चिकटलं. भाची म्हणायची, “आत्या असली की गप्पांतलं मीठच जातं.”

तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी प्रत्येकाला एकेक जुना निकाल वाटून दिला. त्यांची पद्धत ठरलेली होती. एका पक्षाचा वकील असल्यासारखं उभं राहायचं, घटना सांगायच्या, मुद्दा सांगायचा, आणि निकाल आपल्या बाजूनं का लागला ते पटवून द्यायचं. आत्याच्या वाट्याला शिंपी विरुद्ध फोटोवाले हे प्रकरण आलं. तिनं शिंप्याच्या बाजूनं बोलायचं होतं.

प्रकरण तीसेक वर्षांपूर्वीचं. दोघं शेजारी. शिंप्याच्या दुकानाला मागच्या अंगाला एकच खिडकी, आणि तिच्या उजेडावर त्याच्या वडिलांपासूनचं शिवणकाम चाललेलं. फोटोवाल्यांना फोटो धुवायला अंधारी खोली हवी होती. त्यांनी आपल्या अंगणातली मधली भिंत उंच केली, वर पत्रा टाकला, आणि शिंप्याची खिडकी आंधळी झाली. कोर्ट म्हणालं, इतकी वर्षं येत असलेला उजेड हा शिंप्याचा हक्क आहे. भिंत कमरेइतकी खाली घ्या. निकालात फोटोवाल्यांबद्दल दोन ओळी होत्या: प्रतिवादी हा हेकट इसम असून शेजाऱ्याची अडचण त्याने जाणूनबुजून दुर्लक्षिली.

आत्या घरी आरशासमोर बोलायला उभी राहिली. घटना नीट आल्या. मुद्दा नीट आला. ‘हेकट इसम’ आला आणि गाडी अडली.

भाची पलंगावर पाय दुमडून ऐकत होती. “काय झालं?”

“मी याला ओळखत नाही. आणि तो समोर नाही.”

“आत्या, हे कोर्टानं म्हटलंय. तू नाही.”

“वर्गात तर मीच म्हणणार ना.”

“तो काय ऐकायला बसलाय? मेलाही असेल.”

“मग तर आणखीच म्हणता येणार नाही.”

भाचीनं उशी तोंडावर घेतली. उशीतून आवाज आला, “वाक्य गाळून टाक.”

“गाळलं तर शिंप्याची बाजू लंगडी पडते. वकिलानं आपल्या माणसाची बाजू लंगडी करायची?” आत्या निकालाची पानं उलटत होती. पहिल्याच पानावर दोघांचे पत्ते होते. जुन्या बाजारामागची गल्ली. इथून चालत जाण्याजोगी. “मी जाऊन सांगूनच येते त्यांना.”

“काय सांगून येतेस?”

“की तुम्हाला हेकट म्हणणार आहे म्हणून.”

भाचीनं उशी काढली. मग चप्पल शोधायला लागली. “मी येते. तुला एकटीला सोडलं तर पुढचा निकाल आपल्यावरच लागायचा.”

गल्ली अरुंद होती. पाट्या सावलीत होत्या, पण वाचता येत होत्या. शिंप्याचं दुकान आणि फोटोवाल्यांचा स्टुडिओ खांद्याला खांदा लावून उभे, जणू कधी काही घडलंच नाही. फोटोवाले स्टुडिओतच होते. पांढरे केस मागे वळवलेले, समोर कॉम्प्युटर, पडद्यावर एका नवऱ्यामुलाच्या गालावरचे डाग पुसणं चाललेलं.

“पासपोर्टचा फोटो?” त्यांनी न बघता विचारलं.

“नाही,” आत्या म्हणाली. “मी लॉ कॉलेजात शिकते. पहिलं सेमिस्टर. तुमच्या भिंतीच्या खटल्यात मला शिंप्याची बाजू मांडायची आहे, आणि त्यात तुम्हाला हेकट म्हणावं लागतंय. ते तुमच्या पाठीमागे कसं म्हणायचं, म्हणून आले.”

माऊस थांबला. भाची दारातल्या फोटोंकडे अतिशय मन लावून बघू लागली.

“बसा,” फोटोवाले म्हणाले. “म्हणा.”

आत्या बसली नाही. उभ्यानंच तिनं ते वाक्य म्हटलं, पूर्ण, इसमासकट. फोटोवाले मान हलवत ऐकत होते, जुनी ओळखीची चाल ऐकावी तसे.

“खरं आहे,” ते म्हणाले. “हेकट होतो. शिंपीमास्तर आधी दोनदा येऊन विनवून गेला होता. मी म्हटलं, भिंत माझी, अंगण माझं. खुशाल म्हणा वर्गात. फक्त ‘होता’ म्हणा, ‘आहे’ नको. आता गुडघ्यांमुळे हेकटपणाही जमत नाही.”

आत्याचा जीव भांड्यात पडला. आता निघायला हवं होतं. भाची तर एक पाऊल बाहेर टाकून उभी होती. पण आत्याच्या ओठावर ते तीन शब्द येऊन थांबले होते, आणि ते आत ढकलणं तिला आजवर कधी जमलं नव्हतं.

“पुढे काय झालं?”

फोटोवाल्यांनी खुर्ची वळवली. “हे मला कुणी विचारलंच नाही बघा इतक्या वर्षांत.” ते उठले, गुडघ्यावर हात ठेवत मागच्या दाराशी गेले आणि दार उघडलं. “या, दाखवतो.”

छोटंसं अंगण. मध्ये भिंत, कमरेइतकी, कोर्टानं सांगितली तेवढीच. वरच्या विटा तुटक्या, गिलावाही कधी केलेला नाही. पलीकडे शिंप्याची खिडकी. भरपूर ऊन त्या खिडकीवर पडलेलं, आणि गजांच्या आत, काचेला चिकटून, लाकडी कपाटाची पाठ.

“निकाल लागला, मी भिंत उतरवली. पंधरवडाही झाला नसेल, मास्तरनं आतून कपाट आणून लावलं. इतकी वर्षं भांडून खिडकी जिंकली, आणि झाकून टाकली.” ते उन्हात डोळे बारीक करून बघत होते. “मी म्हटलं, माझं तोंड बघायचं नाही असं दिसतं. बरं, नका बघू. तेव्हापासून बोलणं नाही. आता तर सगळं या कॉम्प्युटरवर होतं, अंधार कुणाला हवाय? पण ते कपाट काही मला कळलं नाही.”

“तुम्ही विचारलं नाही?”

“हेकट होतो ना,” फोटोवाले म्हणाले.

गल्लीत येताच भाची म्हणाली, “झालं तुझं काम. चल.”

“माझं झालं गं. कपाटाचं कुठं झालंय?”

“आत्या, सादरीकरणात कपाट नाहीये.”

आत्या तोवर शेजारच्या पायरीवर पोचली होती.

शिंपीमास्तर मशीनवर वाकलेले होते. बाहेर इतकं ऊन, आणि डोक्यावर बल्ब पेटलेला. गळ्यात टेप. सुईत दोरा ओवायला ते सुई बल्बच्या अगदी जवळ नेत होते, आणि दोरा दर वेळी शेजारून निघून जात होता. भाचीनं पुढे होऊन सुई घेतली, दोरा ओवून दिला. मास्तर म्हणाले, “देव भलं करो.” मग आत्यानं आपण कोण, कशाला आलो, ते सांगितलं. तुमच्याच बाजूनं बोलणार आहे, हेही सांगितलं.

“माझ्या बाजूनं,” मास्तर म्हणाले. त्यांना त्याचा आनंद झालेला दिसला नाही.

“कपाट का लावलंत, मास्तर?”

मशीनचं चाक त्यांनी हातानं थांबवलं. आत्यानं घाई केली नाही. पुरावा कसा शिकवत असतील याचं तिला वाटलं होतं ते कुतूहल, तेच इथं तिच्याशेजारी येऊन बसलं होतं.

“भिंत उतरली ना,” मास्तर म्हणाले, “त्या दिवशी अख्खं दुकान उजळलं. मी हे मशीन खिडकीशी ओढलं. मान वर केली की समोर तो. त्याची अंधारी खोली गेली होती. अंगणात बसून, डोक्यावरून काळं घोंगडं घेऊन, त्याच्या आत फिल्म काढायचा. भर उन्हाळा. बाहेर आला की घामानं निथळलेला, बायको पाणी ओतायची डोक्यावर. मी काजं करत असायचो त्याच्या उजेडात. माझाच होता हो उजेड. कोर्टानं दिलेला. पण डोळ्याला टोचायचा.”

“मग?”

“मग कपाट लावलं. म्हटलं, मला नको उजेड, याला कळेल. बांधेल परत भिंत. मी काही कोर्टात जाणार नव्हतो. वाट बघितली. त्यानं बांधलीच नाही. एक वीट चढवली नाही. मला वाटलं, माझा उपकार नको त्याला.”

“तुम्ही सांगितलं नाहीत, बांध म्हणून?”

“जिंकलेल्या माणसानं काय तोंडानं सांगायचं?” मास्तरांनी टेपाचं टोक बोटाला गुंडाळलं. “बाई, हे त्याच्या कानावर घालू नका. वर्गातही नको. सांगायचं झालं तर मीच सांगेन.”

“नाही सांगणार,” आत्या म्हणाली.

घराच्या वळणावर आल्यावर भाची म्हणाली, “मला माहीत आहे, तुझ्या पोटात आता काय चाललंय.”

“दोन्ही टोकं माझ्या हातात आहेत, आणि गाठ मारायची नाही,” आत्या म्हणाली. “काच कापणं सोपं गं यापेक्षा.”

सादरीकरणाच्या दिवशी आत्या उभी राहिली तेव्हा मागच्या बाकावर कुजबुज झाली. तिनं कागद हातात घेतला नाही. काच कापताना पहिली रेघ ओढायची ती एका दमात, मध्ये हात थांबला की तडा वाकडा जातो, हे तिला ठाऊक होतं. ती बोलत गेली. खिडकी, वडिलांपासूनचं काम, भिंत, पत्रा. हेकट इसम होता, असं म्हणाली, आणि आवाज अडला नाही. उजेड हक्क कसा होतो, वर्षानुवर्षं विनातक्रार मिळत आलेल्या गोष्टीवर माणूस आपलं पोट कसं उभं करतो, आणि म्हणून शेजाऱ्याला आपल्या जागेतही मनाला येईल ते का करता येत नाही, हे तिनं सांगितलं. “म्हणून निकाल माझ्या अशिलाच्या बाजूनं लागला,” असं म्हणून ती थांबली.

मागच्या बाकावरून, ज्यानं नाव ठेवलं होतं त्याच आवाजात, पण थट्टा वगळून, प्रश्न आला:

“पुढे काय झालं?”

भाचीनं हात कपाळाला लावला. हसू लपवायला लावला होता.

आत्यानं मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, “माहीत असेल तर सांगा.”

“भिंत उतरली. आणि शिंप्यानं आतून खिडकीला कपाट लावलं. आजही तिथंच आहे. मी पाहून आले.”

मॅडम टेबलाला टेकून उभ्या होत्या, त्या सरळ झाल्या. “पाहून आलात? का लावलं?”

“का लावलं ते मला माहीत आहे, मॅडम. पण ते ज्यांचं आहे त्यांनी सांगू नका म्हटलंय.”

“मार्कांसाठी सुद्धा नाही?”

“नाही.”

मॅडम वर्गाकडे वळल्या. “अशिलाचं गुपित राखायची ही गोष्ट मी चौथ्या सेमिस्टरला शिकवते आणि निम्म्या लोकांना तेव्हाही जमत नाही. लिहू नका, ऐका फक्त.” पुन्हा आत्याकडे बघत त्या म्हणाल्या, “आता माझं ऐका. निकाल लागला तिथं पुस्तक संपतं असं मी पहिल्या दिवशी म्हणाले होते. हक्क मात्र संपत नाही, आणि टिकूनही राहत नाही. ज्यानं आपणहून उजेड बंद केला, आणि तो इतकी वर्षं बंद ठेवला, त्याचा उजेडाचा हक्क विझू शकतो. उद्या फोटोवाल्यानं भिंत बांधली तर तुमच्या शिंप्याला कदाचित काहीच म्हणता येणार नाही. हे पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणात येतं. कायद्यालाही विचारावं लागतं, पुढे काय झालं.”

आत्या खाली बसली. पुढच्या प्रकरणाचं पान किती, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. “काय ठरलं?”

“रविवारी येत जाईन काच कापायला. एरवी अभ्यास आहे.”

पलीकडे हातोडीचा एक ठोका झाला. “नवीन माणूस बघतो,” दादा म्हणाला. “रविवारी येऊन त्याला शिकव. आणि पदवी ती रिकाम्या खिळ्यावर परत लाव, भिंत बोडकी दिसते.”

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती भाचीला घेऊन गल्लीत गेली. मास्तर बल्बखाली होते.

“मास्तर, तुमचं कुणाला सांगितलं नाही,” आत्या म्हणाली. “पण तुमच्या उजेडाबद्दल एक नवीन कळलंय, ते तुम्हाला सांगायला हवं.” आणि मॅडमनी सांगितलं ते तिनं सांगितलं, ‘कदाचित’ न गाळता.

मास्तरांनी चष्मा काढला. “म्हणजे आता त्याला बांधता येईल? कुणी अडवू शकणार नाही?”

“बहुतेक नाही.”

“मी द्यायला गेलो ते इतक्या वर्षांनी पोचलं म्हणायचं.” ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. “पण त्याला हे माहीत कुठंय?”

“त्यांना कुणीतरी सांगायला हवं.”

“तुम्ही सांगा ना.”

“तुम्हीच म्हणालात, सांगायचं झालं तर मीच सांगेन.”

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. फोटोवाल्यांना आता अंधार नको होता, हे आत्याच्या जिभेच्या टोकावर होतं. तिनं जीभ दातांखाली धरली. ते वाक्य तिचं नव्हतं. मास्तरांनी गळ्यातला टेप काढला, घडी करून मशीनवर ठेवला, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि पायरी उतरून शेजारच्या दारात गेले.

भाची त्यांच्यामागे निघाली होती. आत्यानं तिचा हात धरला.

दोघी त्या बल्बखाली बसून राहिल्या. समोर कपाट. त्याच्या फळ्यांमधल्या फटीतून उन्हाची एक रेघ जमिनीवर आली होती, आणि मशीनच्या पायडलवर चढली होती. मागच्या अंगणातून आवाज यायला लागले. आधी एक, मग खूप वेळ काहीच नाही, मग दुसरा. शब्द कळत नव्हते. कपाट जाड होतं.

भाची कान लावून बसली होती. आत्या नव्हती.

“आत्या,” भाची शेवटी कुजबुजली, “पुढे काय झालं असेल गं?”

बाहेर मास्तरांची पावलं वाजली. ते दारात आले, आणि त्यांच्या मागे, गुडघ्यावर हात ठेवत, फोटोवाले. कुणाच्याही चेहऱ्यावरून काही वाचता येत नव्हतं.

“हे जरा जड आहे,” मास्तर कपाटाकडे बघत म्हणाले. “आम्हा दोघांच्यानं हलायचं नाही. तुम्ही दोघी ते टोक धराल का?”